चर्चसंपदा-नोंदणी

चर्चमधील काष्ठकाम, धातूची पात्रे, दगडी व पितळी स्मारके, वस्त्रे, चित्रे, काचचित्रांच्या खिडक्या, घंटा, ग्रंथ इ. वस्तूंची प्रत्यक्ष पाहणी करून त्यांचे पद्धतशीर वर्णन, मोजमाप व छायाचित्रण करणे आणि त्यावरून कायम स्वरूपाची नोंद सिद्ध करणे, यास चर्चसंपदा-नोंदणी म्हणतात. वास्तूचा इतिहास वा तिचे स्थापत्य हा या नोंदणीचा मुख्य विषय नसून वास्तूच्या आत शतकानुशतके साठत गेलेली कलासामग्री हा आहे. हे कार्य अनेक देशांत चालते. तथापि इंग्‍लंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मुख्यतः हौशी स्वयंसेवकांनी अंगावर घेतले आणि त्याला एक निश्चित पद्धती प्राप्त करून दिली. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्या कार्याचा परामर्श घेतला आहे.

इंग्‍लंडच्या अधिकृत चर्चच्या (चर्च ऑफ इंग्‍लंड) ताब्यात सु. १६,००० प्रार्थनामंदिरे असून त्यांपैकी १२,००० हून अधिक वास्तूंना ऐतिहासिक वा स्थापत्यविषयक महत्त्वामुळे कायदेशीर संरक्षण आहे. त्यांतील बहुसंख्य वास्तू लहान गावांत असून आठवड्यातील बहुतेक दिवस त्यांत कोणीही नसते. एखाद्या वस्तुसंग्रहालयात शोभावीत अशी पंधराव्या-सोळाव्या शतकांतील चित्रे, रौप्यपात्रे वा शिल्पे या वास्तूंमध्ये त्यांच्या मूळ जागी आणि पुष्कळदा त्यांच्या मूळ उपयोगात राहिली आहेत. ही गोष्ट जितकी अभिमानाची, तितकीच चिंतेची आहे. वस्तुसंग्रहालयातील प्रत्येक वस्तूस क्रमांक असतो, तिचे वर्णनपत्र असते आणि तिच्यावर नजर ठेवणारा अधिकारी असतो. गावच्या चर्चमधील वस्तूस यांपैकी काहीच लाभेल याची शाश्वती नसते. ज्या वस्तूचे वर्णन कोठेही लिहिलेले नाही, ती हरवल्यास ती होती हेदेखील सिद्ध करता येत नाही. या साध्या जाणिवेतून नोंदणीचे कार्य उभे राहिले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : चर्चमधील वस्तूंच्या याद्या करण्याची प्रथा मध्ययुगापासून चालत आली आहे. तथापि इंग्‍लंडमधील सर्वांत व्यापक जुन्या याद्या जतनासाठी नव्हे, तर जप्तीसाठी तयार झाल्या. सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत (१५४७–५३) धर्मसुधारणा आंदोलनास जोर आला. १५४७ च्या राजाज्ञांनी मूर्ती व प्रतिमा यांवर आघात केला. पुढे १५५२ मध्ये राजाने नेमलेल्या आयुक्तांनी गावोगावच्या चर्चमधील चषक, क्रूस, धूपपात्रे, भरजरी वस्त्रे व घंटा यांच्या याद्या करविल्या आणि १५५३ मध्ये उपासनेस किमान आवश्यक तेवढी पात्रे व मनोऱ्यातील मोठ्या घंटा सोडून बाकीची संपत्ती राजकोषात जमा करण्यात आली. ज्या वस्तू नष्ट झाल्या, वितळविल्या गेल्या वा विकल्या गेल्या त्यांच्याविषयी आज जी माहिती मिळते, तीपैकी बरीचशी या जप्तीच्या याद्यांमुळेच मिळते.

पहिल्या एलिझाबेथच्या काळात (१५५८–१६०३) मध्ययुगीन चषक वितळवून त्यांच्या जागी प्रॉटेस्टंट उपासनेस अनुकूल असे साधे प्याले करविण्याची मोहीम निघाली. त्यामुळे इंग्‍लंडमध्ये मध्ययुगीन रौप्यचषक अत्यंत दुर्मिळ झाले आणि एलिझाबेथकालीन प्याले मात्र शेकडो गावांत टिकले. भिंतींवरील चित्रे चुन्याखाली झाकली गेली. यादवी युद्धाच्या काळात प्यूरिटनांच्या हातून विध्वंसाचा दुसरा फेरा झाला. विल्यम डाउझिंग या अधिकाऱ्याने १६४३–४४ मध्ये केंब्रिजशर व सफक या परगण्यांतील चर्चमध्ये फिरून काचचित्रे, देवदूतांच्या आकृती व प्रार्थनापर कोरीव लेख नष्ट करविले आणि आपण कोठे काय मोडले याची दैनंदिनी ठेवली. ही दैनंदिनी आज कलेतिहासाचे एक महत्त्वाचे साधन ठरली आहे. जप्तीची यादी आणि विध्वंसकाची दैनंदिनी यांच्याच आधारे गेलेल्या वस्तूंचा इतिहास जुळवावा लागतो, यावरून जतनासाठी केलेल्या नोंदींचा अभाव किती दीर्घकाळ होता, हे ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकात चर्चच्या जीर्णोद्धाराची लाट आली. गॉथिक शैलीच्या पुनरुज्जीवनाच्या उत्साहात अनेक ठिकाणी अठराव्या शतकातील पेटीवजा आसने, प्रवचनपीठे व सज्जे काढून टाकण्यात आले आणि त्यांच्या जागी नवे काष्ठकाम, नव्या फरशा व नवी काचचित्रे आली. पुढे विसाव्या शतकात याच व्हिक्टोरियन वस्तूंकडे हलक्या दर्जाच्या म्हणून पाहिले गेले. प्रत्येक पिढी आपल्या आधीच्या पिढीच्या अभिरुचीला तुच्छ मानते आणि तिच्या वस्तू काढून टाकते, हा अनुभव नोंदणीच्या तत्त्वाशी निगडित आहे : नोंद करणाऱ्याने आपल्या आवडीनिवडीनुसार वस्तूंची निवड करावयाची नसते.

कायदेशीर बाजू : इंग्‍लंडमधील पॅरिश म्हणजे एका चर्चच्या धार्मिक कार्यक्षेत्रात येणारे गाव वा वस्ती. पॅरिशच्या चर्चमधील जंगम वस्तूंची मालकी कायद्याने चर्चवॉर्डन या लोकनियुक्त विश्वस्तांकडे असते. परंतु मालकी असली, तरी त्या वस्तू विकण्याचे, हलविण्याचे वा बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांना नसते. त्यासाठी धर्मप्रांताच्या न्यायालयाकडून अथवा अन्य सक्षम धर्माधिकाऱ्याकडून परवानगी घ्यावी लागते. चर्चच्या जमिनींचे व वस्तूंचे पत्रक ठेवण्याचे बंधन जुन्या धर्मनियमांत होतेच; १९९१ च्या चर्चविषयक कायद्याने ते अधिक स्पष्ट केले आणि २०१८ च्या एकत्रित कायद्यात ते कायम राहिले. १९५५ च्या एका कायद्याने घालून दिलेल्या नियमानुसार दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून चर्चच्या इमारतीची तपासणीही करावी लागते.

तथापि कायद्याने सांगितलेली यादी आणि अभ्यासपूर्ण नोंद यांत मोठे अंतर आहे. ‘चांदीचा चषक, एक’ एवढ्या उल्लेखाने यादीची पूर्तता होते. पण असे शेकडो चषक असताना त्यांपैकी नेमका कोणता, हे त्यावरून कळत नाही. चषकाची उंची, तोंडाचा व तळाचा व्यास, वजन, त्यावरील मुद्रा, अक्षरे व नक्षी, दात्याचे नाव, पूर्वीच्या दुरुस्तीच्या खुणा आणि छायाचित्र एवढे नोंदले गेले, म्हणजे तो चषक जगातील इतर सर्व चषकांपासून वेगळा होतो. गावच्या चर्चवॉर्डनला एवढे करण्यास वेळ व प्रशिक्षण नसते आणि शासनाकडे वा चर्चच्या मध्यवर्ती संस्थांकडे हजारो वास्तूंसाठी पगारी तज्ञ नेमण्याइतका पैसा नसतो. ही उणीव स्वयंसेवकांनी भरून काढली.

स्वयंसेवी कार्याचा उदय : ललित व उपयोजित कलांविषयी व्याख्याने आयोजित करणाऱ्या स्थानिक मंडळांचा एक संघ इंग्‍लंडमध्ये १९६८ साली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ डेकोरेटिव्ह अँड फाइन आर्ट्‌स सोसायटीज’ (संक्षेपाने नॅडफस) या नावाने स्थापन झाला. केवळ व्याख्याने ऐकण्यावर समाधान न मानता कलावस्तूंच्या जतनात प्रत्यक्ष हातभार लावावा, या हेतूने त्याच्या सभासदांनी ग्रंथालयांतील जुन्या पुस्तकांची निगा, ऐतिहासिक वाड्यांतील वस्त्रांची दुरुस्ती यांसारखी कामे हाती घेतली. १९७० नंतरच्या दशकात चर्चमधील वस्तूंची नोंदणी हे त्यांचे एक प्रमुख कार्य बनले. सभासदांत निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, गृहिणी, अभियंते, निवृत्त अधिकारी असे नाना प्रकारचे लोक होते. कलेतिहासाची पदवी ही अट नव्हती. अचूकपणे पाहण्याची व पाहिले तेवढेच लिहिण्याची तयारी ही अट होती.

त्यांच्या उपयोगासाठी पॅट्रिशिया डर्स्टे यांनी तयार केलेली चर्चमधील वस्तूंची सचित्र मार्गदर्शिका १९७८ साली प्रसिद्ध झाली. क्रूसाचे, पायऱ्यांचे, कडेच्या नक्षीचे, मुकुटांचे, प्याल्यांच्या दांड्यांचे निरनिराळे प्रकार तीत रेखाचित्रांनी दाखविले असून प्रत्येकास ठराविक नाव दिले आहे. नोंद करणाऱ्या दहा व्यक्तींनी एकाच आकारास दहा नावे दिली, तर नोंदींची तुलना अशक्य होते. म्हणून परिभाषेची एकरूपता हा या कार्याचा पाया मानला गेला. संघाचे नाव २०१७ साली ‘द आर्ट्‌स सोसायटी’ असे बदलण्यात आले.

याच कालखंडात चर्चवास्तूंच्या भवितव्याविषयी सार्वजनिक चिंता वाढत होती. १९६८ च्या कायद्यान्वये उपासनेसाठी अनावश्यक ठरलेली चर्च बंद करण्याची व त्यांतील निवडक वास्तू जतन करण्याची तरतूद झाली आणि अशा वास्तूंसाठी १९६९ मध्ये एक निधी स्थापन झाला. पुढे त्यास ‘चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट’ हे नाव मिळाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अ‍ॅल्बर्ट म्युझियममध्ये १९७७ साली चर्चवास्तूंच्या ऱ्हासाविषयी भरविलेल्या प्रदर्शनाने या प्रश्नाकडे सर्वसामान्यांचे लक्ष वेधले. चर्च बंद झाले की त्यातील वस्तू शेजारच्या चर्चमध्ये, वस्तुसंग्रहालयात, गोदामात वा बाजारात विखुरल्या जातात. कोणती वस्तू कोठून आली हे सांगणारा कागद नसेल, तर काही वर्षांतच तिचा इतिहास पुसला जातो. त्यामुळे नोंदणीच्या कामास निकड प्राप्त झाली.

कार्यपद्धती : नोंदणीस प्रारंभ करण्यापूर्वी चर्चचे धर्मगुरू व चर्चवॉर्डन यांची संमती घेतली जाते. लहानसा गट तयार करून त्यात एक प्रमुख, काही वर्णनकार, छायाचित्रकार, रेखाटनकार, टंकलेखक अशी कामाची वाटणी होते. वस्तूंचे वर्गीकरण स्मारके, धातुकाम, दगडकाम, काष्ठकाम, वस्त्रे, चित्रे, ग्रंथसंग्रह, खिडक्या व संकीर्ण अशा विभागांत केले जाते. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत वस्तूचे नाव, स्थान, वर्णन, द्रव्य, मापे, काळ, कारागीर वा निर्माता, दाता, कोरीव मजकूर, सद्यःस्थिती व माहितीचा आधार यांचा समावेश असतो. जे ठाऊक नाही, तेथे अंदाज न लिहिता जागा रिकामी सोडणे, हा शिस्तीचा भाग आहे.

वर्णनाची भाषा ठराविक क्रमाने चालते : प्रथम संपूर्ण वस्तू, नंतर तिचे भाग वरून खाली अथवा डावीकडून उजवीकडे. दिशांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते. बहुतेक जुन्या चर्चची वेदी पूर्वेस असते. प्रत्यक्षात ती अन्य दिशेस असली, तरी वेदीची बाजू पूर्व मानून इतर बाजूंचा निर्देश करण्याचा संकेत आहे. कुलचिन्हांच्या शास्त्रात उजवी बाजू म्हणजे ढाल धारण करणाऱ्याची उजवी, अर्थात पाहणाऱ्याची डावी बाजू होय. हा संकेत विसरल्यास अर्थाचा विपर्यास होतो. उदा., एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिचे कुलचिन्ह रंगविलेला चौकटीच्या आकाराचा फलक चर्चमध्ये टांगण्याची प्रथा होती. पतिपत्नींची चिन्हे एकत्र असलेल्या अशा फलकावर पतीच्या बाजूची पार्श्वभूमी काळी व पत्नीच्या बाजूची पांढरी असेल, तर पती मृत व पत्नी हयात असा बोध होतो. बाजू उलट लिहिली गेल्यास नोंदीत हयात व्यक्ती मृत ठरते.

कोरीव मजकूर अक्षरशः उतरून घेतला जातो. त्यातील जुनी वर्णलेखनपद्धती वा चुकासुद्धा दुरुस्त केल्या जात नाहीत. आरंभीच्या काळात टिकाऊपणामुळे कृष्णधवल छायाचित्रांवर भर असे. पुढे अंकीय छायाचित्रण रूढ झाले. लहान चर्चची नोंद पूर्ण होण्यास कित्येक महिने व मोठ्या चर्चच्या बाबतीत काही वर्षे लागतात. तयार झालेल्या नोंदीची एक प्रत चर्चला भेट दिली जाते. इतर प्रती परगण्याचे अभिलेखागार, व्हिक्टोरिया अँड अ‍ॅल्बर्ट म्युझियममधील राष्ट्रीय कला ग्रंथालय, चर्चच्या इमारतींची काळजी वाहणारे मध्यवर्ती मंडळ इ. ठिकाणी ठेवण्याची पद्धत पडली. चोरी, आग वा पूर यांत चर्चमधील प्रत नष्ट झाली, तरी माहिती टिकावी, हा यामागील हेतू होय.

निरनिराळे विभाग : रौप्यपात्रांच्या नोंदीत मुद्रांचे वाचन सर्वांत महत्त्वाचे असते. इंग्‍लिश चांदीवर शुद्धतेची, शहराची, वर्षाची व कारागिराची अशा स्वतंत्र मुद्रा असतात. चालता सिंह ही १,००० भागांत ९२५ भाग चांदी असल्याची खूण असून ती १५४४ पासून आढळते. बिबळ्याचे मस्तक ही लंडनची व नांगर ही बर्मिंगहॅमची खूण होय. वर्षाक्षराची पद्धत लंडनमध्ये १४७८ साली सुरू झाली. त्यामुळे हाताच्या बोटाएवढ्या जागेतील चार-पाच ठशांवरून वस्तू कोठे, केव्हा व कोणी घडविली, हे सांगता येते. मुलामा दिलेल्या पात्रांवर अशा अधिकृत मुद्रा नसतात. त्यांवरील कारखान्याच्या खुणांना चांदीच्या मुद्रा समजण्याची चूक नवख्या नोंदकाराकडून होण्याचा संभव असतो.

दगडकामात बाप्तिस्माकुंड हे बहुधा चर्चमधील सर्वांत जुनी वस्तू असते. वास्तू अनेकदा नव्याने बांधली गेली, तरी कुंड जुनेच राही. नॉर्फक व सफक येथील सात संस्कारांची दृश्ये कोरलेली पंधराव्या-सोळाव्या शतकांतील कुंडे प्रसिद्ध आहेत. पितळी स्मृतिपत्र्यांच्या बाबतीत मागील बाजू पाहणेही आवश्यक असते. धर्मसुधारणेच्या काळात मठांतून काढलेले पत्रे उलटवून त्यांवर नव्या व्यक्तींच्या आकृती कोरल्याची उदाहरणे आहेत. काष्ठकामात वेदीचा भाग मुख्य दालनापासून वेगळा करणारे कोरीव पडदे, आसनांची कोरीव टोके व गायकवृंदाच्या उचलत्या आसनांखालील आकृती यांचा अंतर्भाव होतो. या आकृतींत धार्मिक विषयांबरोबर शेतकाम, प्राणी व घरगुती भांडणेही दिसतात. सामान्य जनांच्या मध्ययुगीन जीवनाचे ते विश्वसनीय चित्रण होय.

खिडक्यांची नोंद करताना कोपऱ्यातील बारीक खुणांकडे लक्ष द्यावे लागते. उदा., चार्ल्‌स ईमर केंप (१८३७–१९०७) या काचचित्रकाराच्या कार्यशाळेने गव्हाच्या पेंढीची खूण वापरली. वेदीवरील व धर्मगुरूंच्या वस्त्रांचे रंग उपासनावर्षानुसार बदलतात : नाताळ व ईस्टर यांसाठी पांढरा, हुतात्म्यांच्या दिनांसाठी तांबडा, उपवासकाळासाठी जांभळा व सामान्य दिवसांसाठी हिरवा. त्यामुळे एकाच भेटीत सर्व वस्त्रे दृष्टीस पडत नाहीत. ती कपाटांतून व खणांतून शोधावी लागतात. गुडघे टेकण्यासाठी गावातील स्त्रियांनी विसाव्या शतकात विणलेल्या कशिद्याच्या गाद्यांनाही नोंदीत मध्ययुगीन शिल्पाइतकेच नियमित स्थान मिळते. बाजारात त्यांना मोल नाही. पण त्यांवर गावातील कुटुंबांची, युद्धात पडलेल्यांची व शेतांची नावे असतात.

उपयोग व महत्त्व : नोंदीचा पहिला उपयोग चोरीच्या प्रसंगी होतो. डेव्हन परगण्यातील टॉरब्रायन येथील चर्चच्या पंधराव्या शतकातील चित्रित काष्ठपडद्यातून सेंट व्हिक्टर व सेंट मार्गारेट यांच्या प्रतिमांचे दोन फलक २०१३ च्या ऑगस्टमध्ये उखडून नेण्यात आले. शेजारच्या एका फलकाचीही त्यात मोडतोड झाली. हे चर्च उपासनेसाठी बंद झालेल्या व चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टच्या देखरेखीखालील चर्चपैकी होय. फलकांची छायाचित्रे प्रसृत करण्यात आली. पुढे एका खाजगी संग्राहकाने विक्रीस आलेले फलक ओळखले आणि २०१५ मध्ये पोलिसांनी ते हस्तगत केले. कोणा तरी त्रयस्थास वस्तू ओळखता यावी, यासाठी ती आधी कोठे तरी नीट टिपलेली असावी लागते, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते. चोरीच्या कलावस्तूंच्या शोधासाठी कमीत कमी कोणती माहिती हवी, याविषयीचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९७ साली प्रसिद्ध झाले; वस्तूचा प्रकार, द्रव्य व तंत्र, मापे, लेख व खुणा, वेगळेपणाची लक्षणे, विषय, काळ, कर्ता व छायाचित्रे या त्यातील बाबी स्वयंसेवकांच्या नोंदपत्रकाशी बव्हंशी जुळतात.

दुसरा उपयोग विक्रीविषयक वादांत होतो. छपराच्या दुरुस्तीसाठी निधी हवा आणि तिजोरीत वा संग्रहालयात ठेवलेली एखादी अमूल्य वस्तू उपासनेत वापरता येत नाही, असा पेच अनेक चर्चपुढे उभा राहतो. विल्टशर परगण्यातील लॅकॉक येथील पंधराव्या शतकातील रौप्यचषक मूळचा धर्मेतर उपयोगाचा असून शतकानुशतके चर्चमध्ये वापरात होता. १९६३ पासून तो ब्रिटिश म्युझियममध्ये उसना ठेवलेला होता. धर्मप्रांतीय न्यायालयाच्या अनुमतीनंतर २०१३ साली ब्रिटिश म्युझियम व विल्टशर म्युझियम यांनी तो संयुक्तपणे सु. १३ लक्ष पौंडांस विकत घेतला. अशा प्रसंगी गावकऱ्यांची भावना, वस्तूचे कलामूल्य व वास्तूची गरज यांचा तोल न्यायालयास साधावा लागतो आणि त्यासाठी वस्तूचा त्या गावाशी असलेला संबंध लेखी पुराव्याने दाखवावा लागतो. याखेरीज दुरुस्तीपूर्वीची स्थिती समजणे, विम्याची किंमत ठरविणे, स्थानिक इतिहास व वंशावळी यांचे संशोधन करणे, यांसाठीही नोंदी उपयुक्त ठरतात.

मर्यादा : स्वयंसेवकांच्या कामास स्वाभाविक मर्यादा आहेत. सर्व गटांच्या नोंदींचा दर्जा सारखा नसतो. गावात रूढ असलेली कर्तृत्वाविषयीची चुकीची समजूत एकदा नोंदीत शिरली, की ती छापील वाटावी इतकी प्रमाण मानली जाते. मौल्यवान वस्तूंचे स्थान उघड झाल्यास नोंदच चोराची मार्गदर्शिका ठरेल, म्हणून नोंदी सर्वांस मुक्तपणे पाहू द्याव्यात की नाहीत, हा प्रश्न उरतो. त्यामुळे त्यांच्या अभ्यासावर बंधने येतात. शिवाय नोंद ही एका विशिष्ट दिवसाची असते. त्यानंतर वस्तू हलते, झिजते, नवी येते. नोंद मात्र तशीच राहते. म्हणून नोंदीवरील तारीख हा तिचा अविभाज्य भाग होय आणि ठराविक काळाने फेरतपासणी न झाल्यास तिची उपयुक्तता घटते. तरुण सभासदांचा तुटवडा ही स्वयंसेवी संस्थांची अडचण या कार्यालाही बाधक ठरते.

भारताशी संबंध : इंग्‍लंडमधील अनेक चर्चच्या भिंतींवर मुंबई, मद्रास वा कलकत्ता येथे मृत्यू पावलेल्या कंपनी सरकारच्या नोकरांचे व सैनिकांचे स्मृतिफलक आहेत. उलट दिशेने लंडनमध्ये घडविलेली स्मारके भारतात आली. मुंबईच्या सेंट टॉमस कॅथीड्रलमध्ये (स्थापना १७१८) गव्हर्नर जोनाथन डंकन (कार. १७९५–१८११) याचे जॉन बेकन (धाकटा) या इंग्‍लिश शिल्पकाराने घडविलेले स्मारक असून त्यात बनारस व काठेवाड येथील बालहत्या थांबविण्याच्या डंकनच्या प्रयत्नांचा निर्देश आहे. कुलाब्याच्या ‘अफगाण चर्च’मध्ये (१८५८) पहिल्या अफगाण युद्धातील मृतांची स्मारके असून तेथील अंतर्गत सजावट विल्यम बटरफील्ड या वास्तुविशारदाच्या व काचचित्रे विल्यम वेल्स याच्या कर्तृत्वाची आहेत. दक्षिण आशियातील यूरोपीय दफनभूमींवरील लेख टिपून ठेवण्यासाठी ब्रिटनमध्ये १९७६ साली एक स्वयंसेवी संस्था स्थापन झाली. तिचे कार्य चर्चसंपदा-नोंदणीशी समांतर आहे. गोव्यात भारतीय कारागिरांनी घडविलेल्या ख्रिस्ती कलावस्तूंचे संग्रहालय १९९४ साली रायतूर येथे स्थापन झाले व २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविण्यात आले.

महाराष्ट्रात या विषयाचे एक बोलके उदाहरण घंटांच्या रूपाने आढळते. चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तेथील पोर्तुगीज चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. भीमाशंकर येथील मंदिरात व नाशिकच्या नारोशंकर मंदिरात अशा घंटा टांगल्या गेल्या आणि एका धर्माच्या उपासनेसाठी ओतलेली धातू दुसऱ्या धर्माच्या उपासनेत नादू लागली. लोककथांत व गावच्या आठवणींत त्यांचा इतिहास अंशतः टिकला. पण त्यांचे मूळ ओळखण्याचा विश्वसनीय पुरावा म्हणजे घंटांवर ओतलेल्या आकृती व अक्षरे हाच होय. घंटेवरील अक्षरे धातूची असल्याने टिकली. लाकूड, वस्त्र वा रंग यांना हे भाग्य लाभत नाही. त्यांच्या बाबतीत अक्षरांचे काम कोणीतरी वहीत करून ठेवावे लागते.